दम्याशी झुंजणारा सुधारक

गोपाळ गणेश आगरकर म्हटले, की रूढींवर तुटून पडणारी प्रखर लेखणी आठवते. ती लेखणी चालविणारा देह दम्याने जर्जर झालेला होता, याचे स्मरण मात्र क्वचितच होते.

14 जुलै 1856 रोजी कऱ्हाडजवळील टेंभू येथे एका गरीब कुटुंबात आगरकरांचा जन्म झाला. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण त्यांना करावी लागली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात टिळकांशी त्यांचा स्नेह जुळला. सरकारी नोकरीचा मोह टाळून त्यांनी न्यू इंग्लिश स्कूलमधील अल्प वेतनाचे काम पत्करले. 1881 मध्ये ते 'केसरी'चे पहिले संपादक झाले. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यामुळे 1882 मध्ये दोघा मित्रांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगात 101 दिवस काढावे लागले.

राजकीय सुधारणा आधी की सामाजिक, या वादात पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. 1888 मध्ये आगरकरांनी 'सुधारक' सुरू केले. बालविवाह, विधवांचे केशवपन यांवर त्यांनी कठोर प्रहार केले. चिडलेल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. 1892 मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची धुराही त्यांच्याकडे आली. अध्यापन, कारभार आणि लेखन हा सारा व्याप त्यांनी दम्याच्या उबळी सोसत सांभाळला.

त्या काळी श्वासनलिकांची सूज आटोक्यात ठेवणारे प्रभावी औषध नव्हते. मोजक्या मात्रेत औषध फवारणारा इनहेलर बाजारात आला तो 1956 मध्ये. आपल्याला दीर्घायुष्य नाही, हे आगरकरांनी ओळखले होते. स्वतःच्या अंत्यसंस्काराचे पैसेही त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते. 17 जून 1895 रोजी, वयाची 39 वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. मतभेद बाजूला ठेवून टिळकांनी 'केसरी'त मृत्युलेख लिहिला.

आगरकरांना जे वार्धक्य लाभले नाही, ते आज नियमित औषधोपचार घेणाऱ्या असंख्य दमेकऱ्यांना लाभते. तरीही ज्येष्ठांचा दमा अनेकदा ओळखलाच जात नाही. साठीनंतरही हा विकार प्रथमच जडू शकतो. पण जिना चढताना लागणारी धाप, रात्रीचा खोकला, छातीतील घरघर हे सारे वयावर ढकलले जाते. नळीत जोराने फुंकून करावयाच्या स्पायरोमेट्री या साध्या तपासणीने निदानाला मोठी मदत होते. प्रत्येक गोष्टीचे कारण शोधावे, दैवाला बोल लावू नये, हीच आगरकरांची शिकवण होती. घरातील वृद्धांच्या धापेलाही ती तितकीच लागू पडते.