भाषा मोजणारे ग्रियर्सन साहेब

जनगणनेत माणसे मोजतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण भाषा मोजणारा माणूस तुम्ही कधी ऐकला आहे का? आज मी तुम्हाला जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन यांची माहिती सांगतो.

त्यांचा जन्म ७ जानेवारी १८५१ रोजी आयर्लंड देशात डब्लिन शहराजवळ झाला. कॉलेजात ते गणित शिकत होते. तिथेच त्यांना संस्कृतची गोडी लागली. मंग १८७३ साली ते सरकारी अधिकारी होऊन आपल्या देशात आले. त्यांची नोकरी जास्त करून बिहारात झाली. नोकरी करता करता ते शेतकऱ्यांचे शब्द टिपून घेत. नांगराच्या कोणत्या भागाला काय म्हणतात, बैलगाडीच्या भागाला काय म्हणतात, असे सगळे लिहून त्यांनी १८८५ साली एक जाडजूड पुस्तक काढले. त्यात चित्रे पण आहेत.

१८९८ साली सरकारने त्यांच्यावर देशातल्या भाषांच्या पाहणीचे काम सोपवले. एवढ्या भाषा एकट्याला कशा येणार? म्हणून त्यांनी युक्ती केली. बायबलातली एकच गोष्ट निवडली. एका बापाला दोन मुले असतात. धाकटा आपला वाटा घेऊन दूर जातो, पैसे उडवतो आणि उपाशी मरायची पाळी आल्यावर घरी परत येतो. ही गोष्ट गावोगावच्या बोलीत लिहून मागवली. त्या गोष्टीत मी, तू, तो हे सगळे येतात. झालेले, होत असलेले आणि होणारे असे तिन्ही काळ येतात. गोष्ट एकच असल्यामुळे कोणत्या भाषेचे व्याकरण कुठे वेगळे आहे ते लगेच दिसते. शिवाय २४१ शब्द आणि वाक्यांची एक यादी पण होती.

व्याकरणाच्या गमती पाहा. आपण मी आंबा खाल्ला म्हणतो आणि मी भाकर खाल्ली म्हणतो. खाणारा तोच, पण क्रियापद आंब्याकडे नाहीतर भाकरीकडे पाहून बदलते. बंगालीत असे बदलत नाही. मराठीत तीन लिंगे, हिंदीत दोनच. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी बसते. काश्मिरीत ते बहुतेक वेळा दुसऱ्याच जागेवर बसते. काश्मिरीवर तर साहेबांनी पुष्कळ वर्षे अभ्यास केला.

मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्या कामात नॉर्वेचे स्टेन कोनो हे विद्वान होते. त्या खंडात आपल्या वऱ्हाडीचे वेगळे प्रकरण आहे. आपण घरी मला न म्हणता मले म्हणतो, डोळ्याला डोया म्हणतो. शहरातले पाहुणे आले की हसतात. पण साहेबांच्या खंडात पुण्याची मराठी आहे तशीच वऱ्हाडी, वारली, कातकरी आणि हलबी पण आहे. प्रत्येकीचे व्याकरण मांडले आहे. पुस्तकात कोणी हसलेले नाही. मला ही गोष्ट लई आवडली.

या पाहणीत सगळा देश मात्र आला नाही. मद्रास इलाखा, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थान सुटले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणून तिथल्या बोलीची मोजणी राहिली. हे काही बरे झाले नाही.

पुढे साहेब विलायतेला परत गेले आणि घरी बसून काम करत राहिले. बोलणाऱ्या माणसांचे आवाज ग्रामोफोनच्या तबकड्यांवर पण घेतले गेले. काम संपायला १९२८ साल उजाडले. तेव्हा साहेब ७७ वर्षांचे होते. एकंदर ११ खंड झाले. त्यात १७९ भाषा आणि ५४४ बोली मोजल्या आहेत. ९ मार्च १९४१ रोजी इंग्लंडात कँबर्ली या गावी ते वारले. तबकड्यांवरचे ते आवाज आता संगणकावर ऐकायला मिळतात.