कामाचे हात की विद्यार्थिनी?

रुग्णालयाच्या जमाखर्चात औषधे, खाटा व वेतन यांची नोंद असते. शिकवण्यासाठी लागणाऱ्या वेळेचा खर्च मात्र सहसा कोणत्याच रकान्यात आढळत नाही. त्यामुळे शिकाऊ परिचारिका वॉर्डात जे राबते ते शिक्षण समजावे की श्रम, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या चरित्रात त्याचे उत्तर सापडते. आणि तेही त्यांच्या कीर्तीपेक्षा त्यांच्या अपयशातून.

१२ मे १८२० रोजी एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुग्णसेवा हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, अशी त्या काळची समजूत होती. १८४५ मध्ये सॉल्सबरीच्या रुग्णालयात जाऊन शुश्रूषा शिकण्याचा त्यांचा बेत घरच्यांनी हाणून पाडला. १८५१ मध्ये जर्मनीतील कैसरवेर्थ येथे त्यांना सुमारे तीन महिन्यांचे शिक्षण लाभले. शिकाऊ स्त्रीची उमेद आणि तिची अडचण या दोहोंचा अनुभव त्यांना असा प्रत्यक्ष आला होता.

नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्थानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. त्यांच्या हातातील दिवा जगाच्या लक्षात राहिला. त्यांची आकडेमोड फारशी कोणाला आठवत नाही. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना आपल्या पहिल्या स्त्री सदस्याचा मान दिला.

कृतज्ञ जनतेने उभारलेल्या सुमारे ४५ हजार पौंडांच्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिका विद्यालय सुरू झाले. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थिनी होत्या. त्यांचा निवास, भोजन व वर्षाचे १० पौंड यांचा भार निधीवर होता. शिकणारीचा खर्च रुग्णालयाच्या गरजेपासून वेगळा काढण्याची ही कल्पना निःसंशय दूरदृष्टीची होती.

तथापि केवळ पैसा वेगळा काढून भागत नाही. नाइटिंगेल स्वतः आजाराने अंथरुणाला खिळलेल्या. त्यातच इतर कामांचा व्याप मोठा. पहिली दहा वर्षे विद्यालयाकडे त्यांचे पुरेसे लक्ष राहिले नाही. १८७१ मध्ये रुग्णालय नव्या, विस्तीर्ण इमारतीत गेले आणि मनुष्यबळाची निकड वाढली. त्या सुमारास त्यांनी बारकाईने चौकशी केली, तेव्हा जे आढळले ते खेदजनक होते. व्याख्याने जवळजवळ थांबली होती आणि विद्यार्थिनी वॉर्डातील अपुऱ्या मनुष्यबळाची भरपाई करीत होत्या. मेट्रनबाईंवर संपूर्ण रुग्णालयाच्या शुश्रूषेची जबाबदारी होती, आणि प्रशिक्षणाचीही. ज्या व्यक्तीला आज रात्रीची पाळी भरून काढायची आहे, तिनेच शिकणारीच्या हिताची राखण करावी, ही व्यवस्था मुळातच सदोष होती. दोष व्यक्तीचा नव्हता. हितसंबंधांच्या रचनेचा होता.

नाइटिंगेल यांनी ही चूक झाकली नाही. विद्यार्थिनींच्या निवासात राहून त्यांचा अभ्यास पाहणारी स्वतंत्र 'होम सिस्टर' नेमली गेली. व्याख्याने पुन्हा पद्धतशीर सुरू झाली. त्या स्वतः विद्यार्थिनींना एकेक करून घरी बोलावू लागल्या, काम कसे चालले आहे याची विचारपूस करू लागल्या आणि प्रत्येकीविषयी टिपणे ठेवू लागल्या. १८७२ पासून त्यांनी विद्यार्थिनींना उद्देशून उपदेशपर पत्रे लिहिण्याचा प्रघात पाडला. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे निधन झाले, तोवर त्यांच्या विद्यालयाची परंपरा अनेक देशांत पोहोचली होती.

आपल्याकडील बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यातील मोठा भाग प्रत्यक्ष रुग्णशय्येजवळ जातो. पण वॉर्ड आपोआप शिकवत नाही. आयुष्यातला पहिला मृत्यू जवळून पाहिलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला त्या संध्याकाळी कोणाशी तरी बोलता आले पाहिजे. झालेली चूक न भिता सांगता आली पाहिजे. हे ऐकून घेणारी अध्यापिका पाळीच्या हिशेबातून मुक्त हवी, आणि तिचे वेतन अंदाजपत्रकात स्पष्ट दिसले पाहिजे. फुकटच्या श्रमातून वाचलेला पैसा ही बचत नव्हे. ते उद्याच्या रुग्णाच्या नावे काढलेले कर्ज आहे.