कृपेचे महापंडित संत ऑगस्टीन

संत ऑगस्टीन ह्यांचा जन्म इ. स. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील तागास्ते (आजचा अल्जीरिया) येथे झाला. सोळाव्या वर्षी मित्रांसमवेत त्यांनी शेजारची नासपतीची फळे चोरली. भूक नव्हती, बहुतेक फळे डुकरांपुढे टाकली. पुढे ‘कन्फेशन्स’ ह्या ग्रंथात त्यांनी ह्या क्षुल्लक चोरीचा सखोल शोध घेतला, कारण त्यांना फळांची नव्हे, पापाचीच गोडी वाटली होती.

सत्य उमगूनही जुन्या सवयी सुटेनात. माता मोनिका अश्रू ढाळीत प्रार्थना करीत राहिल्या. अखेर ३८६ साली मिलान येथे त्यांचे परिवर्तन झाले आणि ३८७ च्या ईस्टरला बिशप अँब्रोज ह्यांनी त्यांना स्नानसंस्कार दिला.

मनुष्य स्वबळावर निष्पाप जगू शकतो, असे पेलाजियसचे मत होते. आदिपापाने दुबळी झालेली इच्छाशक्ती देवकृपेविना सावरत नाही, हे हिप्पोचे बिशप ऑगस्टीन ह्यांनी ठामपणे मांडले. ४१८ च्या कार्थेज धर्मपरिषदेने पेलाजियसची शिकवण नाकारली.

४३० मध्ये व्हॅन्डल सैन्याने हिप्पोला वेढा घातला असता ते मरणशय्येवर होते. पश्चात्तापाची स्तोत्रे त्यांनी भिंतीवर लावून घेतली. ती वाचताना ते रडत. २८ ऑगस्ट रोजी ते प्रभुचरणी विलीन झाले.

बंधुभगिनींनो, अशा संतालाही अखेरपर्यंत क्षमेची गरज भासली. मग आपण प्रायश्चित्त संस्काराकडे पाठ का फिरवावी?