तारेच्या आत डोकावणारे शास्त्रज्ञ : सर जेफ्री टेलर



सुरतेच्या जरीची कीर्ती दूरवर आहे. जाड तार लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून बारीक करतात, मग चपटी करून तिचा बादला बनवतात. ओढता ओढता तार कडक होते, म्हणून तिला तापवून पुन्हा नरम करावे लागते. कारागीर हे पिढ्यान्पिढ्या जाणतात. पण तार तुटण्याऐवजी लांबते का आणि कडक का होते, याचे समाधानकारक उत्तर विज्ञानाला १९३४ सालापर्यंत सापडले नव्हते. ते देणाऱ्या तिघांपैकी एक सर जेफ्री इन्ग्रम टेलर. या अंकात आम्ही त्यांचा परिचय करून देत आहोत.

टेलर यांचा जन्म ७ मार्च १८८६ रोजी लंडन येथे झाला. त्यांच्या आईचे वडील म्हणजे थोर गणिती जॉर्ज बूल. आजचे संगणक त्यांच्याच बीजगणितावर चालतात. आजी मेरी या भारताचे सर्वेक्षण करणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी होत्या. केम्ब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात टेलर यांचे शिक्षण झाले. १९१२ मध्ये टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळून बुडाले. पुढच्या वर्षी हिमनगांवर नजर ठेवण्यासाठी स्कोशिया हे जहाज निघाले, त्यावर ते हवामानतज्ज्ञ म्हणून गेले. पहिल्या महायुद्धात त्यांनी विमानांच्या रचनेवर काम केले आणि स्वतः विमान चालवायलाही शिकले. यंत्रांच्या दांड्यांची बळकटी तपासता तपासता ते धातूंच्या प्रश्नाकडे वळले.

मीठ आणि हिरा यांप्रमाणे धातूही स्फटिकरूप असतात. त्यांत अणू थरावर थर असे शिस्तीने मांडलेले असतात. कॉन्स्टन्स एलम या विदुषीबरोबर टेलर यांनी ॲल्युमिनियमचे एकसंध स्फटिक ताणून पाहिले. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसले की स्फटिक ठरावीक थरांवर, ठरावीक दिशेनेच सरकतो. यालाच स्लिप म्हणजे सरकण म्हणतात. मात्र हिशेब जुळत नव्हता. एक अख्खा थर दुसऱ्यावरून एकदम सरकवायला गणिताने जेवढा जोर लागायला हवा, त्याच्या हजारो पट कमी जोरात शुद्ध धातूचा स्फटिक सरकत होता.

मित्रांनो, प्रार्थनेच्या वेळच्या आपल्या रांगा डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक मुलाने आपल्या पुढच्या मुलाचा हात धरला आहे. मैदानाच्या पुढच्या अर्ध्या भागात एक जादा रांग शिरली आहे आणि ती मध्येच संपते. आता तिच्या शेवटच्या मुलाने शेजारच्या रांगेतील मागच्या मुलाचा हात धरला, तर त्या रांगेचा पुढचा भाग सुटा पडतो. आता तीच अर्धी रांग झाली! असे एकेक हात बदलत अर्धी रांग मैदानाच्या कडेला पोहोचते, तेव्हा पुढचा सगळा जमाव एका जागेने सरकलेला असतो. सर्वांना एकदम हलावे लागले नाही. धातूमध्येही अणूंचा असा अर्धवट थर असतो. त्याच्या कडेला एज डिस्लोकेशन म्हणतात. मराठीत कडेचा स्थानभ्रंश म्हणता येईल. थोड्या जोरानेही ही कड पुढे सरकते, आणि अशा असंख्य कडा सरकल्या की तार लांबते. मात्र ओढताना या कडांची संख्या फार वाढते, त्या एकमेकींची वाट अडवतात आणि तार कडक होते. तापवल्यावर अणूंची मांडणी पुन्हा सुधारते, तार नरम होते. हिऱ्यात अणूंचे बंध इतके पक्के असतात की सामान्य तापमानाला या कडा हलतच नाहीत. म्हणून हिरा वाकत नाही, चिरतो.

हा विचार १९३४ साली टेलर, इगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे मांडला. तेव्हा ही कड कोणी पाहिलेली नव्हती. बावीस वर्षांनी, १९५६ मध्ये, केम्ब्रिजच्याच शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ॲल्युमिनियममधील कडा सरकताना पाहिल्या. टेलर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. त्यांना नौकानयनाचा मोठा छंद होता, आणि आपल्या नौकेसाठी त्यांनी नांगराचा नवा प्रकारही शोधून काढला. १९४४ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. २७ जून १९७५ रोजी केम्ब्रिज येथे त्यांचे निधन झाले.

पालकांना आमची नम्र विनंती आहे. कामरेज आणि सुरत परिसरात जरीचे, हिऱ्याचे काम अनेक घरांत चालते, आणि दहावी झाली की मुलाला कामाला बसवावे असा विचार घरोघरी होतो. पोटाची गरज आम्ही जाणतो. परंतु ज्या मुलाने घरी तार कडक होताना पाहिली आहे, त्याच्याजवळ विज्ञानाचा खरा प्रश्न आधीच आहे. त्याला उत्तरापर्यंत पोहोचू द्यावे. मुलींनाही तेवढीच संधी द्यावी. एलम यांनी त्या काळात हे काम केले. आणि विद्यार्थी मित्रांनो, घरच्या कामात काही नवल दिसले तर वहीत लिहून ठेवा आणि विज्ञानाच्या तासाला अवश्य विचारा.