रेव्हरंड टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मोठे कवी होऊन गेले. लोकमान्य टिळक वेगळे आणि हे वेगळे. मला आधी दोघं एकच वाटले होते.

त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात करजगाव येथे झाला. आई लवकर वारली. मग ते घर सोडून नाशिकला गेले व तिथे संस्कृत शिकले. त्यांचे लग्न झाले तेव्हा लक्ष्मीबाई ११ वर्षांच्या होत्या. म्हणजे माझ्याहून एकच वर्षाने मोठ्या!

१८९३ साली ते नोकरीसाठी रेल्वेने राजनांदगावला चालले होते. डब्यात एक गोरे साहेब भेटले. त्यांनी टिळकांना बायबलचा नवा करार वाचायला दिला. त्यातले येशूचे डोंगरावरचे प्रवचन वाचू लागले, तर पुस्तक सोडवेना. शत्रूवरही प्रेम करावे, धन साठवू नये, असे त्यात आहे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ते ख्रिस्ती झाले. नातेवाईक फार रागावले. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या. हे ऐकून मला वाईट वाटलं. पुढे त्या परत आल्या आणि १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या.

मग ते अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) राहिले. टिळकांच्या हातात पैसा टिकतच नसे. कोणी गरजू भेटला की देऊन टाकायचे. घरात लक्ष्मीबाईंची मात्र ओढाताण व्हायची. तरी त्यांनी दुसऱ्यांची पोरं घरात सांभाळली. आपल्या खानदेशातले धरणगावचे बालकवी ठोंबरे पण त्यांच्याकडे मुलासारखे राहिले.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला. साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला. संन्याशासारखे राहून ते अभंग व भजने करीत. त्यांची गाणी आजही चर्चमध्ये म्हणतात. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले. लक्ष्मीबाईंनी स्मृतिचित्रे या पुस्तकात हे सगळे लिहून ठेवले आहे.

माझे आईबाबा दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातला जातात. घरात पैसा लागतोच. म्हणून मला लक्ष्मीबाईंचेही खरे वाटते. पण टिळकांजवळ काही नव्हते तरी ते समाधानी होते. आमची आजी पण स्वतःच्या ताटातली अर्धी भाकर शेजारच्या पोराला देते, आणि तेव्हाच ती जास्त हसते. मुलांनो, आपणही आपल्यातले थोडे दुसऱ्याला देऊ या.

— इयत्ता ४ थी, जि. प. प्राथमिक शाळा