जोसेफ लिस्टर

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर वाहनांच्या गर्दीतून वाट काढताना आम्हांस ग्लासगोच्या एका अकरा वर्षांच्या मुलाची आठवण होते. 1865 च्या ऑगस्टात जेम्स ग्रीनलीजच्या पायावरून गाडीचे चाक गेले. नडगी मोडून वर जखमही झाली. अशी जखम त्या काळी बहुधा सडे. पाय कापावा लागे, आणि तरीही कित्येक दगावत.

त्याचे शल्यविशारद जोसेफ लिस्टर (1827–1912) यांनी पाश्चरचे जंतुविषयक संशोधन वाचले होते. त्यांनी जखमेवर कार्बॉलिक अम्लात भिजविलेली पट्टी ठेविली व पायास फळ्या बांधल्या. चार दिवसांनी पट्टी सोडून पाहतात, तो पू नाही! सुमारे सहा आठवड्यांत हाड सांधले.

पुढे 1877 साली लंडनमध्ये त्यांनी एका रोग्याचा गुडघा उघडून मोडलेली वाटी चांदीच्या तारेने जोडली. जंतूंचा बंदोबस्त नसता, तर हे धाडस रोग्याच्या जिवावरच बेतले असते.