रीडिंग न बदलणारा माणूस

मित्रांनो, अकरावीत बायोलॉजी घेतलेल्यांना हायड्रिलाचं प्रॅक्टिकल आठवत असेल. बीकरमध्ये पाणी, पाण्यात हायड्रिलाच्या फांद्या, त्यावर उलटं नरसाळं आणि नरसाळ्यावर पाण्याने भरलेली टेस्ट ट्यूब. उन्हात ठेवलं की ऑक्सिजनचे बुडबुडे वर येतात, ते मोजायचे. माझे बुडबुडे फारच कमी आले. मी शेजारच्या टेबलवरचं रीडिंग उतरवलं, जर्नलवर सही झाली, विषय संपला! इंजिनिअरिंगला आल्यावर तर आपण सगळेच या कलेत पारंगत झालो आहोत. आधी ग्राफ काढायचा, मग त्यावरून रीडिंग भरायचं.

याच हायड्रिलाचे बुडबुडे शंभर वर्षांपूर्वी फिजिक्सच्या एका प्राध्यापकांनी मोजले होते. त्यांचीही रीडिंग जुळत नव्हती. पण त्यांनी ती बदलली नाहीत. ते होते सर जगदीशचंद्र बोस.

बोस यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 रोजी मैमनसिंह येथे झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. त्यांच्या बरोबरीचे लोक मुलांना इंग्रजी शाळेत घालत, पण त्यांनी जगदीशला आधी बंगाली शाळेत घातलं. तिथे शेतकऱ्यांची आणि कोळ्यांची मुलं त्याच्या शेजारी बसायची. झाडं, मासे, पाणी यांच्या गोष्टी त्याने त्यांच्याकडूनच ऐकल्या. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. हायड्रिला मी पहिल्यांदा बीकरमध्येच पाहिली, त्यामुळे हे वाचताना थोडा हेवा वाटला.

पुढे कोलकात्याचं सेंट झेवियर्स, मग लंडनला डॉक्टरीचं शिक्षण. पण वारंवार येणाऱ्या तापामुळे ते सोडावं लागलं आणि ते केंब्रिजला विज्ञान शिकले. 1885 मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते फिजिक्सचे प्राध्यापक झाले. तिथे भारतीय प्राध्यापकांना युरोपियनांपेक्षा कमी पगार मिळायचा. घरावर वडिलांच्या कर्जाचा बोजा होता, तरीही बोस यांनी तो कमी पगार घेतला नाही. तीन वर्षं एकही पैसा न घेता ते शिकवत राहिले! शेवटी सरकारने त्यांना पूर्ण पगार थकबाकीसह दिला.

आपल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी तर त्यांना रोज नमस्कार करायला हवा. 1895 मध्ये कोलकात्यात त्यांनी अदृश्य लहरी पाठवून दूरवरची घंटा वाजवून दाखवली. त्यांनी तयार केलेल्या लहरी अगदी 5 मिलिमीटर लांबीच्या, म्हणजे सुमारे 60 गिगाहर्ट्झच्या होत्या. पेटंट आणि पैसा यात त्यांना रस नव्हता. मित्रांच्या आग्रहामुळे गॅलिना डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट 1904 मध्ये त्यांच्या नावावर झालं, एवढंच.

मग हा फिजिक्सचा माणूस झाडांकडे कसा वळला? लहरी पकडणारं त्यांचं उपकरण सतत वापरलं की जणू थकायचं आणि विश्रांतीनंतर पुन्हा नीट चालायचं. सजीव आणि निर्जीव यांच्यात काही साम्य असेल का, हा प्रश्न त्यांना पडला. 1901 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांनी हे मांडलं, तेव्हा शरीरशास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला. त्यांचे काही निष्कर्ष पुढेही सर्वमान्य झाले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्यांच्या उपकरणांना तोड नव्हती. झाडाची अतिसूक्ष्म वाढ लाखो पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ त्यांनीच बनवला. 30 नोव्हेंबर 1917 रोजी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि 1920 मध्ये त्याच रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केलं.

आता पुन्हा हायड्रिलाकडे येऊ. बुडबुडे आपोआप नोंदवणारं यंत्र त्यांनी तयार केलं आणि वेगवेगळ्या ऋतूंत प्रयोग केले. हिवाळ्यातली हायड्रिला अपेक्षेप्रमाणे वागायची. पण उन्हाळ्यातली वेगळीच! तिचा रस आम्ल निघाला, त्यात मॅलिक आम्ल सापडलं. आणि पाण्यात कार्बन डायऑक्साइड नसतानाही ती ऑक्सिजन सोडत होती. झाड तेच, यंत्र तेच, फक्त महिना वेगळा. प्रयोग बिघडला असं म्हणून ती रीडिंग फेकून देणं सोपं होतं. बोस यांनी ऋतूसकट ती नोंदवली आणि 1924 च्या प्रकाशसंश्लेषणावरील ग्रंथात छापली.

याचा नीट अर्थ लागायला अनेक वर्षं गेली. उन्हाळ्यात पाणी तापतं, त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. तेव्हा हायड्रिला आपली पद्धत बदलते. मिळेल तो वायू आधी मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि मग आतल्या आत सोडून त्यापासून साखर बनवते. ही सी-4 पद्धत 1960 च्या दशकात उसामध्ये उलगडली. 1980 च्या दशकात हायड्रिलातही ती दिसली. 2011 मध्ये दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी बोस यांच्या जुन्या नोंदींचं महत्त्व सविस्तर मांडलं. स्वतः बोस 23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह येथे वारले होते.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात याची उदाहरणं शेतातच आहेत. ऊस, ज्वारी, मका ही सी-4 पिकं. सोयाबीन, तूर, हरभरा, द्राक्ष मात्र साध्या सी-3 पद्धतीची. रात्री जागून आपण जी कॉफी पितो, तिचं झाडही सी-3. कडक उन्हात त्याच्या पानांचं काम मंदावतं, म्हणून त्याला मोठ्या झाडांच्या सावलीत वाढवतात. हायड्रिला मात्र गरज पडली की पद्धत बदलते.

हे सगळं वाचल्यावर मी माझं अकरावीचं जर्नल शोधून काढलं. शेजारचं रीडिंग सुबक अक्षरात लिहिलेलं आहे. माझे खरे बुडबुडे किती होते, ते मात्र आता आठवत नाही. पाणी गार होतं का, ऊन कमी होतं का, तेही लिहिलेलं नाही. कदाचित माझं रीडिंग चुकलंही असेल. पण ते खोडून टाकल्यामुळे आता कधीच कळणार नाही.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या सबमिशनला एखादा पॉइंट ग्राफच्या बाहेर गेला, तर जाऊ द्या. फक्त शेजारी तारीख, वेळ आणि तापमान लिहून ठेवा. व्हायवाला सर विचारतीलच. तेव्हा बोस यांचं नाव सांगा!